विंडोज डिफेंडर पुरतो का? विद्यापीठातल्या विद्यार्थी-कर्मचाऱ्यांसाठी परीक्षण

प्रवेशाचे दिवस आले की लॅपटॉपच्या दुकानात एक प्रश्न ठरलेला असतो: "अँटिव्हायरस टाकून देऊ का?" पालक मान हलवतात, बिलात एक ओळ वाढते. त्याच लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, आधीच बसवलेला आहे, हे दुकानदार आपणहून सांगत नाही आणि विचारणाराही विरळाच.

निकाल आधी सांगतो. बी.ए.च्या पहिल्या वर्षापासून पीएच.डी.पर्यंत कुणालाही, प्राध्यापकांना आणि घरून काम करणाऱ्या लिपिकांनाही डिफेंडर पुरतो. मात्र पेटीतून निघाला तसा नाही. त्यातली सगळ्यांत उपयोगी सोय बंद असते, आणि आपण स्वतः किंवा मशीनला हात लावणारं दुसरं कुणीतरी त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून गेलेलं असतं.

थोडं नावाबद्दल, कारण इथे बरेच जण गोंधळतात. विंडोज ७ मध्ये डिफेंडर नावाचं जे होतं ते फक्त स्पायवेअर, म्हणजे हेरगिरी करणारे प्रोग्रॅम, पकडायचं. पूर्ण अँटिव्हायरस म्हणून तो विंडोज ८ पासून आला. आज स्टार्ट मेनूत "विंडोज सिक्युरिटी" शोधा, ढालीचं चिन्ह दिसेल, तोच हा. "मायक्रोसॉफ्ट डिफेंडर" या नावाचं वेगळं ॲपही मिळतं, पण ते मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी भरणाऱ्यांसाठी आहे. ते नसलं तरी काही अडत नाही.

पकडण्याच्या ताकदीबद्दल जुनी बदनामी अजून चिकटून आहे, ती आता खरी नाही. जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था संरक्षण, वेग आणि वापरसुलभता यांना प्रत्येकी ६ असे एकूण १८ गुण देते. गेल्या काही वर्षांत डिफेंडरने त्यात अनेकदा पैकीच्या पैकी मिळवले आहेत. एक गोम मात्र आहे. त्याची बरीच अक्कल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असते, त्यामुळे इंटरनेट नसताना त्याची पकड ढिली पडते. ऑस्ट्रियातल्या एव्ही-कम्पॅरेटिव्हज या संस्थेच्या चाचण्यांत ऑनलाइन आणि ऑफलाइन निकालांतला हा फरक उघड दिसतो. म्हणून बाहेरचा पेनड्राइव्ह लावण्याआधी मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करा. नेट बंद ठेवलं की व्हायरस येत नाही, हा समज इथे नेमका उलटा पडतो.

झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेनड्राइव्ह

कोल्हापुरात विद्यार्थ्याच्या मशीनला लागण होण्याची एक हमखास वाट म्हणजे प्रिंट आणि बायंडिंग. राजारामपुरी असो की सायबर चौकाची बाजू, सबमिशनच्या आठवड्यात झेरॉक्सवाल्याच्या एकाच कॉम्प्युटरला दिवसभर एकामागून एक पेनड्राइव्ह लागत राहतात. त्यातला एक बाधित असला की संध्याकाळपर्यंत बाकीचेही गेले. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. रांगेत वीस जण उभे असताना कोण स्कॅन करत बसणार?

लक्षण ओळखीचं आहे. घरी येऊन पेनड्राइव्ह उघडावा तर आपले फोल्डर गायब, आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे, कोपऱ्यात छोटा बाण असलेले, एक-दोन केबीचे शॉर्टकट. कधी कधी एकच शॉर्टकट असतो आणि त्याचं चिन्हही पेनड्राइव्हचंच. पूर्वी पेनड्राइव्ह लावताच व्हायरस आपोआप चालू व्हायचा. ती ऑटोरनची वाट मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ पासून बंद केली. म्हणून आता तो तुमच्या डबल क्लिकची वाट बघतो. शॉर्टकट दाबला की मागे एक स्क्रिप्ट (छोटा छुपा प्रोग्रॅम) चालते, आणि संशय येऊ नये म्हणून तुमचा खरा फोल्डरही उघडून दाखवते.

डिफेंडर हे बहुतेक वेळा पकडतो. शॉर्टकट आणि स्क्रिप्ट उडवतो, कोपऱ्यात सूचना येते, आणि पेनड्राइव्ह रिकामा दिसायला लागतो. इथेच लोकांच्या छातीत धस्स होतं आणि ते घाईने फॉरमॅट मारतात. थांबा. डिफेंडर घाण काढतो, पण व्हायरसने लपवलेल्या फाइली परत दाखवायचं काम त्याच्याकडे नाही, आणि ही त्याची खरीच उणीव आहे. पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. वापरलेली जागा दिसत असेल तर प्रबंध आत शाबूत आहे. फाइल एक्सप्लोररच्या फोल्डर ऑप्शन्समध्ये "व्ह्यू" टॅबवर जा, लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय निवडा आणि त्याखालच्या "हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स"वरची खूण काढा. ही दुसरी खूण काढली नाही तर पहिलीचा उपयोग होत नाही, कारण व्हायरस फाइलींना "सिस्टिम" असाही शिक्का मारून ठेवतो. मग नाव नसलेला एक फोल्डर दिसण्याची शक्यता दाट. बहुधा सगळा माल त्यातच असतो. फक्त वर्ड, एक्सेल, पीडीएफ आणि चित्रं लॅपटॉपवर कॉपी करा, बाकी काही घेऊ नका, आणि मग पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. काम झालं की ती खूण परत लावा, नाहीतर पुढे कधीतरी विंडोजचीच एखादी फाइल हातून उडेल.

स्कॅनबद्दल एक गोष्ट माहीत असावी: "फुल स्कॅन" म्हटलं तरी मूळ सेटिंगमध्ये डिफेंडर पेनड्राइव्ह त्यात धरत नाही. फाइल उघडताना ती तपासली जाते, पण संपूर्ण पेनड्राइव्ह तपासायचा तर ड्राइव्हवर राइट क्लिक करून "स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर" असंच द्यावं लागतं. विंडोज ११ मध्ये हा पर्याय पटकन दिसला नाही तर "शो मोअर ऑप्शन्स" दाबा.

त्याच "व्ह्यू" टॅबवर "हाइड एक्स्टेन्शन्स फॉर नोन फाइल टाइप्स" अशी ओळ असते. तिची खूण कायमची काढून टाका. पीडीएफचं चिन्ह लावलेली, नावाच्या शेवटी ईएक्सई असलेली, म्हणजे मुळात प्रोग्रॅम असलेली फाइल त्याशिवाय ओळखू येत नाही.

पेनड्राइव्हचा आणखी एक तोटा फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलीला विंडोज "ही बाहेरून आली" अशी खूण जोडतो, आणि त्या खुणेवरूनच वर्ड-एक्सेल तिच्यातले मॅक्रो (फाइलीत दडलेले, आपोआप चालणारे आदेश) रोखतात. ही खूण एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरच टिकते. बाजारातले बहुतेक पेनड्राइव्ह फॅट ३२ किंवा एक्सफॅटमध्ये असतात, तिथे ती गळून पडते. म्हणजे तीच एक्सेल फाइल ईमेलने आली तर अडवली जाईल, आणि सहकाऱ्याच्या पेनड्राइव्हवरून आली तर वर "एनेबल कंटेंट"चं पिवळं बटण हजर. परीक्षेच्या गुणांच्या एक्सेल टेबलावरून टेबलावर फिरतात त्या विभागांनी ही बाब मनावर घ्यावी.

प्रिंटसाठी सोपा उपाय असा: कमी क्षमतेचा एक स्वस्त पेनड्राइव्ह फक्त त्याच कामाला ठेवा, त्यात एकच पीडीएफ न्या, घरी आल्यावर न उघडता फॉरमॅट करा. किंवा स्वतःच्या मोबाइलवरून दुकानाच्या व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवा. दुकानातल्या कॉम्प्युटरवर आपला जीमेल उघडणं मात्र टाळाच. आणि आधार द्यायचंच असेल तर आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार उतरवून द्या. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. दुकानाच्या "डाउनलोड्स" फोल्डरमध्ये तुमची कागदपत्रं किती दिवस पडून राहतील, याचा हिशेब दुकानदारालाही देता येणार नाही.

बंद असलेला खटका

आता त्या उपयोगी सोयीबद्दल. "कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस" २०१७ मध्ये विंडोज १० मध्ये आलं आणि घरगुती मशीनवर आजही बंदच येतं. काम सरळ आहे: ठरलेल्या फोल्डरांत ओळखीच्या प्रोग्रॅमशिवाय कुणालाही लिहिता येत नाही. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरवर हा चांगला तोडगा आहे, कारण व्हायरस नवा असला आणि डिफेंडरला ओळखू आला नाही तरी लिहिण्याची परवानगी त्याला मिळत नाही.

विंडोज सिक्युरिटी उघडा, "व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन"मध्ये तळाशी "मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन" आहे, तिथे खटका चालू करा. मग "प्रोटेक्टेड फोल्डर्स" दाबून यादी नीट वाचा. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज, म्युझिक असे फोल्डर त्यात आपोआप असतात. आपल्याकडे निम्मे प्रबंध डेस्कटॉपवर किंवा डी ड्राइव्हवर "नवीन फोल्डर २"मध्ये असतात. यादीत ते नसेल तर स्वतः जोडा, नाहीतर खटका चालू असूनही कामाचं काहीच राखलं जात नाही.

याचा त्रासही सांगायला हवा. पहिले काही दिवस हा भलत्यांनाच अडवतो. नेहमीच्या वापरातली मोठी सॉफ्टवेअर्स तो ओळखतो, पण जुनं डीटीपी सॉफ्टवेअर, संख्याशास्त्राचं एखादं पॅकेज, प्रयोगशाळेतल्या उपकरणासोबत आलेला प्रोग्रॅम यांना दारातच उभं करतो. आणि त्या प्रोग्रॅमला आपल्याला कुणी रोखलं हे कळत नसल्याने तो "फाइल सापडत नाही" असला काहीतरी निरर्थक संदेश देतो. वापरणाऱ्याला वाटतं, सॉफ्टवेअर बिघडलं. त्याच पानावर "अलाऊ ॲन ॲप थ्रू कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस" आहे, त्यात नुकतेच अडवलेले प्रोग्रॅम दिसतात. आपल्या ओळखीचा असेल तेवढाच अधिक चिन्हाने आत घ्या. या कटकटीला कंटाळून पुष्कळ जण पूर्ण सोयच बंद करतात, ते करू नका.

त्याच पानावर वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) सेट करा म्हणून पिवळा त्रिकोण डोळ्यांत खुपत राहतो. ही निव्वळ जाहिरात आहे. "डिसमिस" दाबलं की जातो. वनड्राइव्हची फुकट जागा ५ जीबीच असते. डेस्कटॉप त्यात आपोआप जायला लागला तर ती भरायला वेळ लागत नाही.

डोळ्यांवरची पट्टी

"फॉरमॅट मारून, सगळी सॉफ्टवेअर टाकून देतो" असं सांगणाऱ्याकडून मशीन परत आली की पहिली तपासणी ही करा: "व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन सेटिंग्ज"खाली "मॅनेज सेटिंग्ज", आणि तिथे अगदी तळाशी "एक्सक्लुजन्स". यादी रिकामी असायला हवी. तिथे अख्खा सी ड्राइव्ह दिसला तर समजा डिफेंडर नावापुरताच आहे. वरती हिरवी खूण तशीच दिसत राहते, आत मात्र तो काहीच बघत नाही. असं करण्याचं कारण बहुतेक वेळा क्रॅक असतं. विंडोज किंवा ऑफिस फुकटात चालू करणारी साधनं डिफेंडर "हॅकटूल" म्हणून पकडतो, मग ती टिकावीत म्हणून त्याला त्या जागेकडे बघायलाच मनाई केली जाते. याच पानावर "टॅम्पर प्रोटेक्शन" आहे, ते चालूच असू द्या. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने परस्पर डिफेंडर बंद करू नये यासाठी ते आहे.

क्रॅकचा प्रश्न नीतीपेक्षा व्यवहाराचा म्हणून बघा. ज्या साधनाची पहिली अट "अँटिव्हायरस बंद करा" ही असते, ते आपल्यासोबत आणखी काय आणतं हे तपासायला त्या वेळी कुणीच जागं नसतं. आजकाल त्यातून बऱ्याचदा येतात ते ब्राउझरमधले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज (तुम्ही आधीच आत शिरलात याची ब्राउझरमधली खूण) चोरणारे प्रोग्रॅम. कुकी चोरीला गेली की टू-स्टेप व्हेरिफिकेशन असूनही खात्यात शिरता येतं, कारण ते लॉगिन आधीच झालेलं असतं. आणि क्रॅकची गरज तरी किती? संख्याशास्त्रासाठी जामोवी, पीएसपीपी आणि आर फुकट आहेत, लेखनाला लिब्रेऑफिस आहे. मराठी टायपिंगसाठी विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड अंगभूत मिळतो.

"ॲप अँड ब्राउझर कंट्रोल"मध्ये "रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन सेटिंग्ज" उघडून नको असलेली ॲप रोखणारा खटका, डाउनलोड रोखण्याच्या उपपर्यायासह, चालू आहे का तेवढं बघून घ्या. पीडीएफ कन्व्हर्टरच्या पाठीवर बसून येणारी टूलबारं त्याने अडतात.

विकतचा कधी घ्यावा

पुण्याची क्विक हील, मुंबईची ईस्कॅन यांची उत्पादनं वाईट नाहीत. पण दुसरा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडर बाजूला होतो आणि वर सांगितलेलं कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेसही त्याच्यासोबत थांबतं. त्यामुळे "दोन असले तर दुप्पट बरं" हा हिशेब इथे लागू पडत नाही. सगळ्यांत धोक्याची अवस्था म्हणजे लॅपटॉपसोबत आलेला, मुदत संपलेला ट्रायल अँटिव्हायरस. तो काढून टाका, रीस्टार्ट करा. डिफेंडर आपोआप कामाला लागतो.

कॉलेजच्या लॅबसाठी मात्र आमचं मत वेगळं आहे. चाळीस मशीनवर काय चाललंय हे एका जागेवरून बघायची सोय विंडोजसोबतच्या फुकट डिफेंडरमध्ये नाही, त्यासाठी मायक्रोसॉफ्टचाच पैशाचा माल किंवा दुसऱ्या कंपनीचा कन्सोल घ्यावा लागतो. तिथे खर्च करावा. आणि लॅबमधलं रोजचं खातं ॲडमिनिस्ट्रेटर ठेवू नये, "स्टँडर्ड" ठेवावं. घरीही हेच लागू. सेटिंग्जमध्ये "अकाउंट्स"मधून ॲडमिनचं वेगळं खातं बनवा आणि रोजच्या खात्याचा प्रकार बदला. सॉफ्टवेअर टाकताना पासवर्ड मागेल, तेवढाच काय तो जाच.

४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्डडिस्क असलेल्या लॅपटॉपवर डिफेंडर जड वाटतो, हे मान्यच. टास्क मॅनेजरमध्ये "अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल" वर चढलेलं दिसतं. ठरलेल्या स्कॅनला प्रोसेसरची सरासरी मर्यादा मुळात ५० टक्के असते, तेव्हा अडथळा बहुतेक वेळा हार्डडिस्कचाच असतो. एसएसडी बसवा, फरक लगेच कळेल.

विंडोज १० वाल्यांनी वेगळं वाचावं

विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरच्या व्हायरस ओळखण्याच्या याद्या त्यावर ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील, असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं आहे. यावर विसंबून कुणी निर्धास्त होऊ नये. याद्या नव्या झाल्या म्हणून विंडोजमधली भोकं बुजत नाहीत. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा रॅन्समवेअर पसरला, तेव्हा त्याच्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती तेच अडकले.

आठव्या पिढीचा किंवा नंतरचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) असेल तर विंडोज ११ फुकट घेता येतो. मायक्रोसॉफ्टचं "पीसी हेल्थ चेक" चालवून खात्री करा. नसेल तर "सेटिंग्ज"मधल्या विंडोज अपडेटच्या पानावर जादा सुरक्षा अपडेटची नोंदणी आहे. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच चालते. विंडोज ७ चं मशीन ऑफिसात कुठे शिल्लक असेल तर ते नेटवर्कपासून तोडा, तिथे कुठलाच अँटिव्हायरस तुम्हाला वाचवणार नाही.

वाचलेले पैसे कुठे घालायचे

विकतच्या अँटिव्हायरसचे पैसे वाचले की १ टीबीची बाहेरची हार्डडिस्क घ्या. आठवड्यातून एकदा लावा, प्रबंध आणि डेटा कॉपी करा, काढून ठेवा. कायम जोडून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरसोबतच जाते. आणि ती लॅपटॉपच्याच कपाटात ठेवू नका. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात कोल्हापुरातल्या शाहूपुरी, नागाळा पार्क भागात पाणी घरात शिरलं होतं, आणि पाण्यासाठी मूळ प्रत आणि बॅकअप सारखेच. जून लागायच्या आत एक प्रत पै-पाहुण्यांकडे उंचावरच्या घरी ठेवा. दुसरी गुगल ड्राइव्हवर ठेवता येते, फुकटात १५ जीबी जागा आहे. पण तिथेही बिघडलेली फाइल सिंक होऊन चांगलीच्या जागी बसते. "मॅनेज व्हर्जन्स"मधून जुनी प्रत काढता येते, पण ३० दिवसांच्या आत.

विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा सगळा डेटा कुलूपबंद ठेवणं, बहुधा आपोआप चालू झालेलं असतं. लॅपटॉप चोरीला गेला तर ते वरदानच, पण मदरबोर्ड बदलला की मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. मायक्रोसॉफ्ट खात्यात ती साठवलेली असते. दुरुस्तीला देण्याआधी खात्यात शिरून कागदावर उतरवून घ्या.

डिफेंडरच्या आवाक्याबाहेरचं

शिष्यवृत्ती अडकली म्हणून आलेला खोटा मेसेज, व्हॉट्सॲपवर आलेली चलानाची एपीके (मोबाइलवर ॲप बसवणारी) फाइल, फोनवर सांगून टाकलेला ओटीपी: यांपैकी कशातही डिफेंडर कामाचा नाही. त्याची स्मार्टस्क्रीन ही सोय खोट्या साइटी अडवते ती मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये. क्रोम वापरत असाल तर "सेफ ब्राउझिंग"मध्ये "एन्हान्स्ड प्रोटेक्शन" निवडा.

चुकून काही चालू झालंच तर आधी वायफाय तोडा. मग "स्कॅन ऑप्शन्स"मधून ऑफलाइन स्कॅन द्या. लॅपटॉप रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, साधारण १५ मिनिटं लागतात. उघडी फाइल आधी सेव्ह करा आणि एन्क्रिप्शन असेल तर रिकव्हरी की जवळ ठेवा. तोवर मोबाइलवरून गुगल खात्यात "युअर डिव्हायसेस"मध्ये जाऊन अनोळखी आणि बाधित अशा सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट व्हा, त्यानंतर पासवर्ड बदला. बाधित लॅपटॉपवरच नवा पासवर्ड टाकलात तर तोही चोराच्या हाती जाईल. व्हॉट्सॲपचं "लिंक्ड डिव्हायसेस"ही त्याच बैठकीत रिकामं करा. पैसे गेले असतील तर बँकेच्या शाखेची वेळ होण्याची वाट न बघता लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावा. फोन लावताना व्यवहाराचा यूटीआर (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला) क्रमांक, रक्कम आणि वेळ समोर काढून ठेवा, कारण तिथे पहिल्यांदा तेच विचारतात.